अंगण एका पातळीत

तात्यासोंनी उजवा गुडघा किंचित वाकवला, पाऊल खाली सोडलं, आणि जमीन अगोदरच तिथं येऊन बसलेली होती. टाच कोब्यावर आपटली. आवाज काही मोठा नव्हता, पाटावर नारळ ठेवावा एवढाच. पण त्यांचं मनगट राजमतीच्या मुठीत होतं, म्हणून तो धक्का टाचेतून गुडघ्यात, गुडघ्यातून खांद्यात आणि खांद्यातून सरळ तिच्या तळहातात उतरला. ते थांबले. खाली बघत राहिले. सांध्यांतलं नवं सिमेंट अजून ओलसर, हिरवट करडं दिसत होतं, त्याच्यावर सिमेंट घोटायच्या रंध्याच्या गोल गोल रेघा होत्या, आणि घराभोवतीचं सगळं अंगण नुकत्याच न्हाऊ घातलेल्या लेकरासारखं, कुठं डाग नाही की कुठं वळ नाही, असं एका पातळीत पसरलं होतं. "चला की," राजमती म्हणाली, "आता कशाचं भ्याव? आकाराम गवंड्यानं अडखळायला जागाच ठेवली न्हाय." त्यांनी ऐकलं. दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला, जिथं काही नव्हतं तिथं, पाय चांगला वीतभर वर उचलला. पायरी चढायला उचलावा तसा. वर चढायला काहीच नसल्यानं तो पाय रिकाम्यातून खाली आला आणि तात्यासोंचा सगळा देह त्याच्यामागं गेला. तिनं सावरलं. सावरताना तिच्या बांगड्या त्यांच्या बरगडीवर वाजल्या. मग त्यांनी तिच्याकडं बघितलं, दुकानात उधार मागायला आलेला भला माणूस बघतो तशा अदबीनं, आणि विचारलं, "हे कुणाचं हो अंगण?"

"कुणाचं म्हंजे? तुमचंच की," ती हसून म्हणाली. तेही हसले. पण ते हसणं तिला ठाऊक होतं. ज्याचं बोलणं पटलेलं नाही आणि ज्याला दुखवायचंही नाही अशा माणसासाठी ते राखून ठेवलेलं असायचं. तीन वर्षांत तात्यासोंच्या तोंडावर ते हसू एकेका माणसासाठी उगवलं होतं. आधी उद्यमनगरातल्या जुन्या जोडीदारांसाठी, ज्यांच्या शेजारी उभं राहून त्यांनी जन्मभर लेथ चालवला. मग पुण्याच्या लेकासाठी. सम्मेद आला की ते त्याला बसायला खुर्ची देत, चहा घेणार का विचारत आणि तो उठला की फाटकापर्यंत सोडायला जात. मग तिच्यासाठी. तिचं नाव त्यांच्या तोंडी नळाच्या पाण्यासारखं झालं, येईल त्या दिवशी येईल; आणि गेले कित्येक महिने तर ते आलंच नव्हतं. ते तिनं सोसलं होतं. शेजारच्या बनाबाईला ती म्हणायची, "मला इसरू दे गं. घर तर इसरलं न्हाईत. एवढं एक राखलंय देवानं." आणि खरंच ते राखलेलं होतं. जेवलो का नाही हे सांगता यायचं नाही, सकाळ की संध्याकाळ ते कळायचं नाही. पण उन्हं कलली की ते उठायचे, मागच्या दारानं अनवाणी बाहेर पडायचे, भिंतीला हात न लावता सबंध घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत यायचे. आत आले की तोंडावर थोडा वेळ उजेड असायचा. "आलो," असं म्हणायचे. कुणाला म्हणायचे देव जाणे, पण म्हणायचे. त्या एका शब्दावर राजमती दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत तग धरून राहायची. आज पुढच्या दाराशी येऊन तात्यासो उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. "आत या," ती म्हणाली, तेव्हा आले. पण तो शब्द आला नाही.

रात्रीसाठी दार लावताना तिच्या तळहातात तो धक्का अजून होता. नवं आहे, म्हणून, तिनं स्वतःला समजावलं. नवी चप्पल नाही का टोचत. हे अंगण तर त्यांच्याच हातचं. ती कुरुंदवाडहून लग्न होऊन आली तेव्हा रमणमळ्याच्या या खालच्या अंगाला चार घरं आणि बाकी उसाचं रान. आठवड्यातून दोनदा ती अंगण सारवायची आणि एका पावसात सगळं सारवण नदीच्या वाटेला लागायचं. मग एका उन्हाळ्यात तात्यासोंनी मनावर घेतलं. गवंडी लावायला पैसे नव्हते, आणि असते तरी दुसऱ्याच्या हातचं माप त्यांना पटत नसे. रविवारी कारखाना बंद, म्हणून दर रविवारी एक चौकोन. चारी बाजूंना फळ्या, मधे खडी, वर सिमेंट, कडेला काचेची पट्टी. ती कमरेला पदर खोचून घमेली द्यायची आणि ते गुडघ्यावर बसून रंधा फिरवायचे, बाळंतिणीच्या पाठीला तेल लावावं इतक्या हळू. एका चौकोनात सम्मेदचं पाऊल उमटलं म्हणून त्याला ओरडले, आणि मग ते पाऊल पुसायला गेले तर पुसवेना, तसंच ठेवलं. पहिल्या चौकोनाचं सिमेंट जास्त, शेवटच्याचं कमी, कारण तोवर पोतं संपत आलेलं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगाला चुन्याचा आणि उन्हाचा वास यायचा. राजमतीला वाटायचं, दुसऱ्या बायकांना नवरे पाटल्या करतात, मला पायाखालची जमीन केली. हे कुणाला बोलून दाखवायचं नसतं. तिनं दाखवलंही नाही.

मग महापूर आला. आला तो असा की घरातली भांडी तरंगत दारापर्यंत आली आणि पाहुण्यांसारखी तिथं थांबली. सात-आठ दिवसांनी पाणी उतरलं, भिंती वाळल्या, चिखल काढून झाला, आणि मग कळलं की पाणी नुसतं वरून गेलं नव्हतं, खालूनही गेलं होतं. कोब्याखालची भरावाची माती घेऊन गेलं होतं. दोन वर्षांनी पुन्हा आलं आणि राहिलेलं नेलं. चौकोन एकेक करून बसायला लागले. सगळे सारखे बसते तर काय. पण एक या कोपऱ्यात दबला, दुसरा त्या. एकाचं नाक वर, एकाची पाठ खाली. चालताना खालून डबडब आवाज यायचा, रिकाम्या रांजणावर चालल्यासारखा. त्या पोकळीत घुशींनी संसार मांडले. राजमती रोज झाडताना त्या कोब्याला शिव्या द्यायची. खराटा कडेला अडायचा, बादली हिंदकळायची, खोलगटात डबकी साचायची आणि त्यात चिमण्या आंघोळी करायच्या. तात्यासोंचं डोकं त्याच दिवसांत हळूहळू बसायला लागलं होतं. तेही एका पातळीत नाही. गावच्या जत्रेतला चाळीस वर्षांपूर्वीचा कुस्तीचा निकाल वर, आणि सकाळी घेतलेली गोळी खोल कुठंतरी, डबक्यात.

या श्रावणात ते पडले. धुण्याच्या दगडाजवळ, कपाळ फुटलं, टाके घालावे लागले. सम्मेद रातोरात गाडी घेऊन आला. बापाच्या कपाळाची पट्टी बघितली आणि आईला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाला, "अव्वा, ह्या वेळला ऐकलं तुझं, ठेवतो हितंच. आणि एकदा पडले तर मी ऐकायचा न्हाय. आमच्या तिथं चांगलं केंद्र हाय, अशाच लोकांसाठी. डॉक्टर हाईत, बायका हाईत बघायला. फरशी बघ जाऊन, एक खाच न्हाय." ती म्हणाली, "मी कोबा नीट करून घेते." "मग उद्याच माणूस लाव." तिनं मान खाली घातली. चातुर्मास चालू होता. जैनाघरची लेक; लग्नाआधीपासून तिचा नेम होता, चार महिने माती उकरायची नाही आणि उकरू द्यायची नाही; पावसाळ्यात भुईच्या पोटात जिवाला जीव लागून असतो, कुदळ कुणाच्या माथ्यावर पडेल सांगता येत नाही. आईनं तिला हे सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं. सम्मेदला हे ठाऊक नव्हतं असं नाही. "माणूस पडतोय," तो म्हणाला, "आणि तू घुशी राखत बसलीस." तो पुण्याला गेला तरी ते वाक्य गेलं नाही. ते स्वयंपाकघरात राहिलं, डब्यांच्या मागं, आणि ती पीठ मळायला लागली की बाहेर यायचं. तिनं नेम मोडला नाही. पण त्या दिवसापासून फेरीत तात्यासोंचं मनगट एकदाही सोडलं नाही. ते फेरी घालायला निघाले की ती बरोबर. आणि आज तिला आठवत होतं, त्या सगळ्या महिन्यांत ठेचकाळली ती. ते कधीच नाहीत.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला आणि दुसऱ्या दिवशी आकाराम आला. दणकट, बोलका माणूस. हातात हातोडा घेऊन प्रत्येक चौकोनावर टकटक करत फिरला आणि दर ठोक्याला मान हलवत गेला. "काकू, हे अंगण न्हवं, ढोलकं हाय. वर तुम्ही राहताय आणि खाली घुशींची चाळ. भाडं तरी देत्यात का?" राजमती म्हणाली, फोडायचं नाही; ह्यांच्या हातचं आहे. आणि पोकळी भरायच्या आधी एक दिवस कडेनं उघडं ठेवायचं, आत जे असेल ते बाहेर जाऊ दे. आकाराम कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "घुशीला नोटीस लावू म्हणता? मराठीत लिऊ का कानडीत?" कुंपणापलीकडून बनाबाई ओरडली, "आरं लाव की मर्दा, तुझ्या बाचं काय जातंय? जीव हाय त्यो!" "मावशी, तुमच्याकडंच येनार हाईत त्या आता, बिऱ्हाड घेऊन." "येऊ देत. माझ्या सुनंपरास बऱ्या." सगळे हसले. तात्यासो पुढच्या दाराशी खुर्चीवर बसले होते, तेही हसले. आणि आकारामनं खरंच एक दिवस उघडं ठेवलं. मग जॅक लावून एकेक चौकोन अल्लद उचलला, खाली मुरूम ठोकला, भोकं पाडून सिमेंटचं पातळ दूध सोडलं. पाण्याची नळी धरून पातळी बघायची वेळ आली तेव्हा त्याच्या जोडीला कुणी नव्हतं. तात्यासो आपण होऊन उठले आणि नळीचं दुसरं टोक धरून उभे राहिले. लेथवरची ती जुनी नजर परत आली होती. ओठ घट्ट, श्वास रोखलेला. "सूतभर वर घ्या," ते म्हणाले. आकारामनं घेतलं. "आता बरोबर," ते म्हणाले. असं सगळं अंगण त्यांनी स्वतःच बरोबर करून घेतलं. राजमती दारात उभी राहून बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं होतं, काहीतरी परत येतंय.

आणि परत काय आलं, तर हे. पहिल्या दिवशी तिनं नवेपणाला बोल लावला, दुसऱ्या दिवशी ओल्या सिमेंटला. मग मात्र संध्याकाळची फेरीच मोडली. तात्यासो मागच्या दारानं बाहेर पडायचे, दोन-चार पावलं टाकायचे, पाय नको तिथं उचलायचे, नको तिथं सोडायचे आणि मधेच उभे राहायचे, परक्या गावच्या स्टँडवर उभं राहावं तसे. "ह्यो रस्ता न्हवं," म्हणायचे. "चला, घरी जाऊया की." घरातच हाय आपण, असं ती म्हणाली की ते हसायचे, तेच हसू. घरात आले तरी खुर्चीच्या टोकावर बसायचे, पाठ न टेकता. पाणी दिलं की दोन्ही हातांनी घ्यायचे. एका दुपारी ती भाजी निवडत होती आणि ते मोरीकडं निघाले; मोरीच्या दाराशी जुनी दगडी पायरी आहे, झिजून एका बाजूला उतरलेली. तिनं बघितलं, त्या पायरीवर त्यांचं पाऊल आपोआप तिरकं पडलं, जिथं झीज तिथंच, आणि त्यांच्या खांद्यातला ताण क्षणभर उतरला. तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. कुरुंदवाडला पहाटे आईच्या जात्यापाशी बसून ऐकलेलं काहीतरी इतक्या वर्षांनी घशाशी आलं:

आंधळ्या गाईला बाई लागंना दावं
खुराच्या पोटी तिच्या गोठ्याचं नावं

लहानपणी तिला वाटायचं, आई गाईचं कौतुक करतेय.

मग तिला सगळं उलट्या क्रमानं दिसायला लागलं. घर त्यांच्या डोक्यात नव्हतंच. डोक्यातून ते कधीच गेलं होतं, तिच्या नावाआधी, लेकाच्या आधी. ते तळपायात राहिलं होतं. इथं उतार, इथं कड, इथं डबडब, इथं थंडगार खोलगट, मग पायरीएवढा चढ, म्हणजे आता वळण, म्हणजे आता आपलं दार. सगळ्यांनी ज्याला खचणं म्हटलं ते त्यांच्या तळपायांना वाचता यावं असं लिहिलेलं होतं. आणि श्रावणात ते पडले कुठं? धुण्याच्या दगडाजवळ. सगळे म्हणाले शेवाळ. पण ज्येष्ठात नळाची नवी पाइप टाकताना प्लंबरनं तिथलेच दोन चौकोन सारखे करून दिले होते, आणि राजमतीनं कौतुकानं बनाबाईला बोलावून दाखवलं होतं, बघ गं, एवढं तरी सरळ झालं. सगळ्या वाकड्या अंगणात ते वर्षानुवर्षं चालले, आणि पडले ते जिथं सरळ होतं तिथं. हे तिच्यासमोर घडलं होतं. ती तिथंच होती. तिनं रक्त पुसलं होतं आणि बघितलं नव्हतं.

तिनं आकारामला बोलावून घेतलं. तो लगेच आला, काही तडा गेला की काय म्हणून. "तडा न्हाय," ती म्हणाली. "पूर्वीसारखं करून दे." "म्हंजे?" "म्हंजे होतं तसं. खाली-वर." आकारामनं डोकीवरची टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "काकू, वाकड्याचं सरळ करतच माझं केस पिकलं. सरळाचं वाकडं कर म्हणणारं गिऱ्हाईक तुमीच पयलं." तिनं त्याला सांगितलं. तो कट्ट्यावर बसून ऐकत राहिला आणि ऐकता ऐकता त्याचा आवाज बारीक झाला. "असं असतंय व्हय," तो म्हणाला. मग टोपी सारखी करत, "करून देतो की. कुठं कसं होतं तेवढं सांगा." राजमतीनं तोंड उघडलं आणि तिला काहीच सांगता येईना. मागच्या दाराचा चौकोन डावीकडं बसलेला, की उजवीकडं? डबकं कुठं साचायचं? चिमण्या तिला दिसत होत्या, पंख झटकताना उडालेलं पाणी दिसत होतं, पण त्या चिमण्या कुठल्या चौकोनावर होत्या ते दिसेना. तिनं बादलीभर पाणी आणून ओतलं, म्हटलं पाण्याला तरी आठवत असेल. पाणी कुठंही थांबलं नाही, शहाण्यासारखं एका ओळीनं वाहत गटारीत गेलं. "उतार झकास दिलाय बगा," आकाराम सवयीनं बोलून गेला आणि जीभ चावून गप्प बसला. मग त्यानं आपल्या अंदाजानं गोणपाटाच्या घड्या, फळीचे तुकडे अंथरून बघितले, "बघा हो तात्या, चालून बघा." तात्यासो एका फळीवर चढले, दुसरीला अडखळले. कोलमडताना दोघांनी धरलं. राजमतीनं फळ्या उचलून ठेवायला सांगितल्या. इतकी वर्षं ज्याला शिव्या दिल्या ते तिनं एकदाही नीट बघितलं नव्हतं. ते एका माणसाला पाठ होतं, आणि त्यालाही ते सांगता आलं नसतं. त्याच्या तळव्यांना विचारावं लागलं असतं, आणि तळव्यांचंही आता पुसट होत चाललं होतं. रोज एक पाऊल कमी चुकत होतं. बनाबाई म्हणाली, "सुधारत्यात बघ, सवय हुईल." राजमतीला कळत होतं की ही सवय नव्हे. उचलायचा तिथं पाय उचलला जात नव्हता, कारण कशासाठी उचलायचा ते शेवटचं स्मरणही जात होतं.

सम्मेदचा फोन आला तेव्हा ती बोलण्याच्या तयारीत नव्हती. तो खुशीत होता. आकारामनं फोटो पाठवले होते. "एकदम टकाटक झालंय की अव्वा! आता मला झोप लागंल." ती हं म्हणाली. तेवढ्यात तात्यासो खुर्चीवरून उठून तिच्याजवळ आले आणि तिच्या कानाशी, मोठ्यानं, कारण त्यांना वाटलं ती फोनवर स्टँडशीच बोलतेय, म्हणाले, "त्यास्नी इचारा, आमच्या घराकडं जायला गाडी किती वाजता हाय." मग सम्मेदनं सगळं काढून घेतलं तिच्याकडून, एकेक शब्द, काटा काढावा तसा. ती फक्त "व्हय" आणि "न्हाय" म्हणत राहिली. शेवटी तो म्हणाला, आणि त्यात राग नव्हता, राग असता तर तिला भांडता आलं असतं: "अव्वा, मग सांग. त्यास्नी तिथं काय आणि पुण्यात काय. घरात बसून घराची वाट बघण्यापरास..." तिनं उत्तर शोधलं. डब्यांच्या मागं शोधलं, देव्हाऱ्यात शोधलं, अंगणात शोधलं. त्यास्नी न्यायला येऊ का, असं त्यानं विचारलं तेव्हा ती "ये," म्हणाली. "रविवारी ये." फोन ठेवल्यावर ती तात्यासोंचे कपडे बाहेर काढायला गेली आणि कपाट उघडून नुसतीच उभी राहिली. इस्त्रीच्या घड्यांतून लेथच्या तेलाचा वास कधीच गेला होता. साबणाचाही येत नव्हता. कसलाच येत नव्हता.

शनिवारी तिनं लवकर स्वयंपाक केला. घरात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. तात्यासोंनी कारखान्यात जादा पाळी असतानासुद्धा ती मोडली नव्हती. उन्हाळ्यात सायकल हाणत यायचे आणि पावसाळ्यात, ढगांनी दिवस कळायचा नाही तेव्हा, उपाशी झोपायचे. आणि ते आल्याशिवाय तिनं कधी घास घेतला नव्हता. एकदा दोघंही असे लागोपाठ उपाशी राहिले होते आणि अंधारात पडल्या पडल्या एकमेकांच्या पोटातली गुरगुर ऐकून लहान मुलांसारखे हसले होते. आज तिनं कटाची आमटी केली, ज्वारीची भाकरी, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, त्यांच्या आवडीचं दह्यातलं कारलं. तात्यासो पुढच्या दाराच्या पायरीवर बसले होते. पायांत चपला होत्या. हल्ली ते दिवसभर चपला घालूनच असायचे, कधी निघावं लागेल सांगता येत नाही म्हणून. तिनं ताट तिथंच आणलं. घर पूर्वेला तोंड करून होतं. पाठीमागं कुठंतरी सूर्य कलत होता आणि घराची सावली पायरीपासून निघून अंगणात उतरली होती. "जेवून घ्या," ती म्हणाली.

त्यांनी ताटाकडं बघितलं. भूक लागली होती. तिला ती त्यांच्या गळ्याच्या घाटीत दिसली. पण त्यांनी हात जोडले. "बाई, लई उपकार. पण नको. आमच्यात दिवस बुडल्यावर चालत न्हाय."

"अजून बुडला न्हाय. हाय की थोडा."

"तेवढ्यात पोचायचं हाय मला. घरात मंडळी थांबलेली असत्यात. मी गेल्याबिगर ती ताटावर बसत न्हाय. मी हितं जेवलो आणि ती तिथं उपाशी, हे बरं दिसंल का?" त्यांनी उठायचा प्रयत्न केला. ते परत बसले आणि ओशाळून हसले. राजमती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली, मधे ताट ठेवून, परक्या बाईनं बसावं तेवढ्या अंतरावर.

"नाव काय मंडळींचं?" तिनं विचारलं.

"राजमती," ते म्हणाले. आठवावं लागलं नाही. घोटाळले नाहीत. इतक्या महिन्यांत न आलेलं ते नाव इतक्या सहज आलं, जणू ते कायम तिथंच, ओठाच्या आत, दार लावून बसलेलं होतं. "कुरुंदवाडची. हट्टी हाय जरा. न्हाय म्हटलं म्हंजे न्हाय." आणि ते समोर रस्त्याकडं बघत राहिले, त्या हट्टी बाईच्या काळजीनं. तिला वाटलं, त्यांचा हात धरावा आणि सांगावं. पण काय सांगावं? ज्या बाईकडं ते निघाले होते ती तिकडं होती, आणि ही इकडं. मधे नुसतं स्वच्छ, सपाट, कुठंही न अडवणारं अंगण. उद्या सम्मेद येईल. तेव्हाही ते असेच अदबीनं हात जोडतील, गाडीत बसतील, आणि त्यांना वाटेल, चला, अखेर घरी सोडायला कुणीतरी आलं.

घराची सावली लांब होत गेली. ती चौकोनांवरून सरकत होती, एका रविवारावरून दुसऱ्या रविवारावर, कुठं मोडत नव्हती, कुठं खोलगटात उतरत नव्हती. ती फाटकाखालून रस्त्यावर गेली. समोरच्या गच्चीवरचं शेवटचं ऊन विझलं. ताटातल्या आमटीवर साय धरली होती.

"बुडला दिवस," तात्यासो म्हणाले. त्यांचे खांदे पडले. "आता ती जेवायची न्हाय."

राजमतीनं ताटावर ताट झाकलं.

"न्हाय जेवायची," ती म्हणाली.